रिसीव्हर आणि बुरुलचा अपांची जागा

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. आता रिसीव्हर म्हणजे नेमके कोण, असे विचाराल तर माझीच पंचाईत होईल. मी गात नाही, गाणारे स्पीकर वेगळे. मी चित्र दाखवत नाही, ते काम टीव्हीचे. टीव्हीतून येणारा आवाज हातात घ्यायचा, त्याचे वाटे करायचे, कुठला वाटा कुठल्या स्पीकरला ते ठरवायचे आणि प्रत्येकाला बोलण्यापुरता जोर द्यायचा, एवढेच मी करतो. पंक्तीत वाढणाऱ्या बाईसारखे हे काम आहे. सगळ्यांचे पोट भरते, तिचे नाव कुणी घेत नाही.

माझ्या पाठीवर स्पीकरच्या तारा लावण्यासाठी सात जोड्या आहेत. त्यांतल्या चारच आयुष्यभर कामी आल्या. उरलेल्या तीन कशासाठी होत्या, ते मला आजतागायत कळलेले नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या पाठीवर एका देशाचे नाव आहे, खोक्यावर दुसऱ्या देशाचे होते आणि मला विकणारी साजिदा एजे, म्हणजे साजिदाताई, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तिसऱ्याच देशाचे नाव सांगत असे. मला आठवते ते एवढेच, की एका उजळ कारखान्यात कुणीतरी माझे झाकण लावले, मग बराच काळ अंधार होता, धक्के होते, आणि खोके उघडले तेव्हा मी बिश्केकजवळच्या दोर्दोय बाजारात होतो. तिथे लोखंडी कंटेनर एकावर एक रचलेले असतात. खालच्यात दुकान, वरच्यात माल. साजिदा एजेच्या कंटेनरमध्ये फळीवर आम्ही रिसीव्हर ओळीने बसलो होतो. दिसायला सगळे सारखे काळे. कुणाला पाच जोड्या, कुणाला सात, कुणाला नऊ. कोण मोठा आणि कोण चांगला, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हते.

एके दिवशी नारीन शहरातले दोघे जण आले. एक कुबात, शाळेत भूगोल शिकवणारा, बारीक अंगाचा, बोलताना वाक्य अर्धे सोडणारा. दुसरे त्याच्या थोरल्या बहिणीचे नवरे दूलोत. कुबात त्यांना जेझदे म्हणायचा. जेझदे मेंढ्यांचा व्यापार करायचे आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचे मत तयार असायचे.

"एजे, आवाजाचं मशीन हवं होतं," कुबात म्हणाला. "म्हणजे माझ्या आईला..."

"किती चॅनेलचं?" साजिदा एजेने विचारले.

"म्हणजे कसं?"

"पाच, सात की नऊ?"

"त्यांत फरक काय?"

"दोन-दोनचा."

कुबातने डोके खाजवले. "आणि जास्त असले तर जास्त स्पष्ट ऐकू येतं का? कारण माझ्या आईला..."

"वॅट किती हवेत ते सांग आधी."

"आईला किती वॅट लागतील?"

"आईला कशाला लागतील वॅट? खोलीला लागतात. खोली केवढी आहे?"

"गावजेवण बसेल एवढी आहे," जेझदे मध्येच म्हणाले. "नऊवालं घे रे. पाहुणे आले की नऊ दिसले पाहिजेत."

"पण स्पीकर चारच आहेत आपल्याकडे. मागच्या वर्षी तुम्हीच आणून दिलेत."

"मग काय झालं? उद्या वाढतील. संसार आहे."

आजूबाजूच्या प्रत्येक कंटेनरमध्ये वेगळे गाणे लागले होते. साजिदा एजेने आमच्यापैकी एकाला स्पीकर जोडून दाखवला. कुबातने स्पीकरला कान लावला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले, की त्याला ओ का ठो कळलेले नाही. त्याने दुसरा लावायला सांगितला, तिसरा सांगितला, परत पहिल्याकडे आला. बिचाऱ्याला घाम फुटला होता. मलाही त्याच्यासाठी वाईट वाटत होते, पण मी तरी काय सांगणार? माझ्यात आणि शेजारच्यात काय फरक आहे, हे मला कुठे माहीत होते?

"या मास्तरचं काही खरं नाही," जेझदे म्हणाले. "सरक बाजूला." त्यांनी बाह्या सरसावल्या, पहिल्या रिसीव्हरच्या खाली दोन्ही हात घातले आणि त्याला अल्लद उचलून तोलून पाहिले.

"अहो, काय करताय? मेंढरं आहेत का ती?" साजिदा एजे ओरडली.

"मेंढी घेताना आम्ही तिच्या खानदानाची चौकशी करत नाही, बाई. शेपटीखाली हात घालायचा, उचलायची. चरबी आहे की नुसती लोकर आहे, ते हाताला कळतं." त्यांनी एकेकाला उचलले. माझी पाळी आली तेव्हा ते जरा कण्हले आणि त्यांचे डोळे चमकले. "हा! यात काहीतरी आहे. हाच घे."

अशी माझी निवड झाली. मला आनंद व्हायला हवा होता की अपमान वाटायला हवा होता, ते काही ठरवता येईना.

मी कशासाठी निवडला गेलो, हे मला गाडीत कळले. घाट चढताना मी कुबातच्या मांडीवर होतो. गाडीला मेंढ्यांचा वास येत होता.

"अपा परत वरच्या गावी जायचं म्हणतेय," कुबात म्हणाला. अपा म्हणजे त्याची आई, बुरुलचा. ती त्याच उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आली होती. "पहिला बर्फ पडायच्या आत पोचवून दे म्हणते."

"एकटीला?" जेझदे म्हणाले. "डोकं फिरलंय का? गेल्या हिवाळ्यात तिथेच नळावर घसरून पडली होती ना ती?"

"तेच तर. शेजारीण पाण्याला आली म्हणून दिसली. नाहीतर..." त्याने हेही वाक्य अर्धेच सोडले. "आपल्याकडे करमत नाही म्हणते. कुणाचं बोलणंच कळत नाही तिला. गावात सगळे या अंगणातून त्या अंगणात ओरडून बोलतात, ते ऐकू येतं. आपल्या घरात सगळे सभ्य."

"आणि कानात घालायचं ते यंत्र आणलं होतंस, त्याचं काय झालं?"

"डब्यात ठेवलंय. डोक्यात माश्या घोंगावतात म्हणते. म्हणून म्हटलं, निदान संध्याकाळचा टीव्ही तरी तिला ऐकू यावा. आयतिश ऐकायला मिळालं तर राहील ती."

आयतिश म्हणजे दोन गायकांचा सवाल-जवाब. मांडीवर कोमुझ हे तंतुवाद्य घेऊन दोघे समोरासमोर बसतात आणि जागच्या जागी गाणे रचून एकमेकांची उडवतात. त्यात शब्द निसटला की सगळी गंमत गेली. बुरुलचा अपांना त्याचे भारी वेड होते. म्हणजे एका म्हातारीने त्या घरात राहावे की पडायला आणि गोठायला एकटीने डोंगरात जावे, हे माझ्यावर ठरणार होते. आणि मला तर माझ्या पाठीवरच्या जोड्यांचाही उलगडा झालेला नव्हता!

आता तुम्हाला ती खोली सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. दारासमोरच्या भिंतीशी असते ती मानाची जागा. तिला तोर म्हणतात. घरातले सगळ्यांत मोठे माणूस तिथे, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसते. बाकीचे मानाप्रमाणे दोन्ही बाजूंना, आणि सगळ्यांत शेवटी दाराशी, सामोवारजवळ घरची केलिन, म्हणजे सून. ती चहा ओतते. घरात जी वस्तू सगळ्यांत भारी तीही तोरच्या भिंतीलाच लावायची. म्हणून कुबातने नवा मोठा टीव्ही तिथे टांगला होता. म्हणजे बुरुलचा अपा टीव्हीच्या बरोबर खाली, टीव्हीकडे पाठ करून बसत आणि सगळे घर त्यांच्या डोक्यावरून टीव्ही बघे. चित्र बघायचे तर मान वळवून वर बघावे लागे. ते त्या करत नसत. अपांनी तोर सोडून दुसरीकडे बसावे, असे म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि टीव्ही दुसरीकडे लावावा, असे कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

कुबातने मला गाद्यांच्या चळतीशेजारी ठेवले आणि तारा जोडायला घेतल्या. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना उंचावर होते, दोन दाराच्या दोन बाजूंना.

"पुढचे कुठले आणि मागचे कुठले?" त्याने विचारले.

"सोपं आहे," जेझदे तोरवर उभे राहिले, दाराकडे तोंड केले आणि दोन्ही हात पुढे पसरले. "हे पुढे. हे मागे. खोलीला पुढचं-मागचं तोरवरूनच असतं की."

कुबातला ते पटले. कुणालाही पटले असते, त्या मुलखात. अशा रीतीने बोलणाऱ्या माणसांचे आवाज दाराशी गेले आणि मागून येणाऱ्या टाळ्या, पाऊस, घोडे टीव्हीशी आले.

मग माझ्याबरोबर आलेला छोटा मायक्रोफोन त्यांनी काढला. खोली मोजायची ती त्याच्यावरून. ऐकणारी मुख्य व्यक्ती जिथे बसते तिथे, तिच्या कानाच्या उंचीवर तो धरा, असे मी पडद्यावर लिहून दाखवले. घरात मुख्य व्यक्ती कोण, यावर वाद असायचे कारणच नव्हते. कुबात मायक्रोफोन घेऊन थेट आईकडे गेला.

"हे काय आणलंस?" अपांनी मोठ्याने विचारले. त्या नेहमी मोठ्यानेच बोलत.

"तुझ्या कानाचं माप घेतोय, अपा!"

"कान कुठे राहिलेत माझे? माप घ्यायचं होतं तर चाळीस वर्षांपूर्वी यायचंस."

मी एकेका स्पीकरमधून शीळ घातली आणि मायक्रोफोनमधून ऐकली. माझी मती गुंग झाली. हे माणूस बसलेय तरी कुठे? बोलणारे स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि मागचे अगदी डोक्यावर! काहीतरी चुकतेय, असे वाटले, पण मला विचारायला तोंड कुठे होते? मी निमूटपणे हुकूम पाळला. दाराशी असलेला बोलण्याचा आवाज चढवला, त्यातला बारीक स्वर धारदार केला आणि टीव्हीजवळचा आवाज उतरवला.

त्या संध्याकाळी आयतिश लागले आणि घरात एकच गोंधळ उडाला. गायक तोरच्या भिंतीवर तोंड हलवत होते आणि त्यांचे गाणे दारातून येत होते. सगळ्यांच्या माना गरागरा फिरू लागल्या. सर्वांत जास्त हाल झाले ते कुबातची बायको नुरझात हिचे. ती सामोवारजवळ बसली होती आणि तिच्या मानेमागे दोन गायक कोकलत होते. तिच्या हातून चहा सांडला.

"कुबात, हे बंद कर! कानाला दडे बसले माझ्या. एक शब्द कळत नाहीये, नुसता गोंगाट."

"घे सहन करून," जेझदे म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या चहावर गाणं म्हणतंय."

तेवढ्यात बुरुलचा अपा खो खो हसल्या. पोट धरून हसल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. जेझदेंच्या विनोदावर हसल्या असतील, असे सगळ्यांनी धरले.

पण पुढे रोज तसेच होऊ लागले. टीव्ही लागला की इतरांची त्रेधा उडायची आणि मध्येच अपा एकट्या हसायच्या. कधी मांडीवर थाप मारायच्या, कधी "वा रे पठ्ठ्या!" म्हणायच्या. त्या टीव्हीकडे तर बघतही नसत. दाराकडे टक लावून हसत.

"मला भीती वाटते," एकदा स्वयंपाकघरात नुरझात हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. "अपा एकट्याच हसतात. माझ्याकडे बघून हसतात, पण मी काही बोललेलीच नसते."

"वय झालंय तिचं," कुबात म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. "माझ्याही लक्षात आलंय. आजीचंही शेवटी असंच झालं होतं."

मी हे ऐकले आणि आणखी गोंधळलो. मी त्यांचे काही बिघडवत तर नव्हतो ना?

अखेर जेझदेंनीच छडा लावला. त्यांनी कुणा ओळखीच्याकडे असेच यंत्र पाहिले आणि दारातूनच ओरडत आले. "अरे मास्तर, सगळं उलटं केलंस तू! बोलणारे स्पीकर टीव्हीजवळ हवेत."

"तोरवर उभं राहून तुम्हीच दाखवलंत की."

"मी मेंढ्या विकतो. शिकलेला तू आहेस."

तारा बदलल्या गेल्या. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी उशीवर ठेवला गेला. मी पुन्हा शीळ घातली, पुन्हा ऐकली आणि या वेळी सगळे कसे चोख जमले. बोलणे चित्राकडून, टाळ्या पाठीमागून. माझा कारखान्यातला धडा हाच होता. त्या संध्याकाळी कुबातच्या मुली टाळ्या पिटू लागल्या. शेजारपाजारचे लोक बघायला आले. जेझदे प्रत्येकाला माझे वजन सांगत होते. "हात लावून बघ, उचलून बघ," म्हणत होते. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी फुशारलो. इतक्या दिवसांच्या गोंधळानंतर मला वाटले, चला, आता मला माझे काम कळले.

बुरुलचा अपा सगळ्यांबरोबर मान डोलावत होत्या. हसणे मात्र थांबले होते.

"बघ, आता एकट्या हसत नाहीत," नुरझात सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. "गोंगाटानंच होत असणार ते."

"बरं झालं," कुबात म्हणाला.

आणि चार दिवसांत अपांनी आपले चंबूगबाळे आवरायला घेतले. डोंगरमाथ्यावर पांढरे दिसू लागले होते. कुबातने पुष्कळ समजावले, मग चिडला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"अगं, तुझ्यासाठी एवढं मशीन आणलं! आता तर किती छान चालतंय!"

"छान आहे रे मशीन," अपा म्हणाल्या. "देव त्याचं भलं करो. शुक्रवारी पोचवून दे मला."

मला काहीच कळेना. मी वाकडातिकडा वाजत होतो तेव्हा त्या राहत होत्या. सरळ वाजू लागलो आणि त्या निघाल्या!

गुरुवारी संध्याकाळी टीव्ही चालू होता. अपा तोरवर बसून गाठोडे बांधत होत्या. नुरझात चहाचा अर्धा पेला घेऊन त्यांच्यापाशी गेली, आणि पेला हातात देऊन तिथेच गुडघ्यावर बसली. तिने अपांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "अपा, माझं काही चुकलं का? लोक म्हणतील, केलिननं सासूला घालवलं."

"तुझं? तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन मी. तुझं काय चुकायचंय?" अपा म्हणाल्या. "मध्ये घरात माणसं होती, तेव्हा मन लागलं होतं माझं. आता ती गेली."

"कुठली माणसं?"

"दारात बसायची ती. तुझ्या मागेच तर बसून गायची. तुला दिसली नाहीत?"

नुरझातने घाबरून नवऱ्याकडे पाहिले. कुबातने आवाज बंद केला. मला वाटले, संपले सगळे. म्हातारीचे डोके खरेच फिरले.

"काय गायचे ते, अपा?" कुबातने जवळ येऊन हळूच, लहान मुलाला विचारावे तसे विचारले.

"अरे, तो जाडा त्या बारक्याला म्हणाला, 'तुझा घोडा लंगडा, माझ्या दारापर्यंत तरी पोचेल का?' तर बारका म्हणतो कसा, 'घोडा लंगडा खरा, पण शहाणा आहे. तुझं दार दिसलं की त्याचे चारही पाय धड होतात आणि तो पळून जातो!'" आणि अपा परत पोट धरून हसल्या. "तुम्ही कुणी हसला नाहीत. मला वाटलं, शहरात राहून आयतिश कळेनासं झालंय तुम्हाला."

तो सवाल-जवाब त्या संध्याकाळी याच खोलीत झाला होता. जाडा आणि बारका गायक सगळ्यांनी पाहिले होते. त्या गोंगाटात शब्द मात्र कुणालाही ऐकू आला नव्हता. ऐकला होता एकट्या अपांनी.

नुरझात उठली. दाराशी आपल्या जागेपर्यंत गेली, वळली आणि तिथून तिने तोरकडे पाहिले. तिथून दाराजवळचे दोन्ही स्पीकर थेट अपांच्या तोंडावर रोखलेले दिसत होते. मग तिने तोरच्या भिंतीवर, अपांच्या डोक्याच्या वर लावलेल्या स्पीकरांकडे पाहिले. ते सगळ्या खोलीकडे बघत होते, फक्त खाली बसलेल्या म्हातारीला सोडून.

"वेड्या नाहीत त्या," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत होतं, कुबात. घरात त्यांनाच ऐकू येत होतं, आणि आपण ते दुरुस्त केलं."

कुबात मटकन खाली बसला. मीही बसलो असतो, पण मी आधीच बसलेला होतो. मित्रांनो, माझ्या त्या कौतुकाची मला फार लाज वाटली.

"टीव्ही काढ तिथून," नुरझात म्हणाली. "इकडे लाव. दाराच्या बाजूला, माझ्या डोक्यावर."

जेझदे ताडकन उठले. "दाराशी? चपलांपाशी? अगं, टीव्ही आहे तो! येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"चपलांपाशी टीव्ही लावला म्हणेल. सासूला बर्फात धाडलं म्हणण्यापेक्षा ते बरं आहे."

जेझदे पुढे झाले, टीव्हीच्या खाली दोन्ही हात घातले आणि कण्हत म्हणाले, "धर रे मास्तर दुसरी बाजू. यातही चरबी बरीच आहे."

टीव्ही दाराच्या बाजूला आला. तारा परत बदलल्या. मायक्रोफोन नुरझातने स्वतः अपांच्या कानाशी धरला. त्यासाठी तिला तोरवर, सासूच्या मांडीला मांडी लावून बसावे लागले. मी शीळ घातली आणि ऐकली, आणि पहिल्यांदाच सगळे एका ओळीत आले. चित्र समोर, आवाज समोर, आणि तो घेणारे माणूसही समोर.

आवाज लागला. अपांचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर दिसतातही!" त्या ओरडल्या.

शुक्रवारी त्या गेल्या नाहीत. गाठोडे बरेच दिवस तसेच बांधलेले होते, मग एकदा त्यातून लोकरीचे मोजे निघाले, मग शाल निघाली आणि शेवटी नुसते फडके उरले. नुरझातला मात्र नवाच ताप झाला. सगळे घर तिच्या डोक्यावर बघत बसे. पाहुण्यांना वाटे, आपण तिच्याकडेच टक लावून बघतोय असे दिसेल, म्हणून ते उगीच चहा मागत.

त्यानंतर अपांनी त्या घरात अनेक हिवाळे काढले. मी वाजत राहिलो. एका वसंतात त्या गेल्या, याच खोलीत, सगळी माणसे भोवती असताना.

आता मी जुना झालो. नवे टीव्ही बोलतात ते मला नीट समजत नाही. माझे बटण फिरवले की खरखर होते. जेझदे म्हातारे झालेत, तरी नवा रिसीव्हर उचलून बघायला येईन म्हणतात. मुली मोठ्या झाल्या. त्या तक्रार करतात, की आमच्या घरातला आवाज विचित्र आहे, सगळा एकाच जागेवर जाऊन साठतो, परत माप घेऊया. नुरझात घेऊ देत नाही. तोरवर आता कुबातने बसायला हवे, पण तो एक हात सरकून बसतो. माझा आवाज रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेवर जाऊन पोचतो. रिकाम्या जागेला आवाज कशाला हवा, हे काही मला उमगत नाही. पण कुणी थांबवले नाही, म्हणून मी पाठवत राहतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला फार तापू देऊ नका, हे मी सांगेनच. यंत्र घ्यायला जाल तेव्हा जोड्या मोजा, वजनही करून बघा. पण तुमच्या घरातही सगळ्यांबरोबर मुकाट्याने मान डोलावणारे कुणी असेल. एकदा त्यांच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून बसा आणि तिथून काय ऐकू येते ते ऐका. ते तिथे आहेत तोवर ऐका.